लॅपटॉपला आधी मोकळी हवा द्या

घरात गेमिंगचा लॅपटॉप असेल, तर आज एवढं करा. मुलं खेळत असताना त्याच्या मागच्या जाळीपाशी हात धरा. गरम हवेचा जोरदार झोत लागला, तर पंखा आपलं काम करतो आहे. पंखा घोंघावतो, पण हवा जेमतेमच येते, असं असेल तर आत धूळ बसली आहे किंवा खालची वाट अडली आहे.

बहुतेक गेमिंग लॅपटॉप खालून थंड हवा ओढतात आणि मागून किंवा बाजूने गरम हवा सोडतात. गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या चादरीवर ठेवला, की खालची जाळी बंद होते. म्हणून टेबलावरच खेळायला सांगा. टेबल नसेल तर लाकडी पाट चालेल. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, फक्त टेकू जाळीखाली येऊ देऊ नका. मागची भिंतही वीतभर लांब हवी. महागडा कूलिंग पॅड घेण्याआधी हे करून पाहा.

खेळताना आतलं तापमान 80 ते 90 अंश सेल्सिअस दिसलं, तर घाबरू नका. ही यंत्रं तेवढं सोसतात. 95 ते 100 च्या आसपास गेल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गेम अडखळू लागतो. त्याहून तापला तर लॅपटॉप आपोआप बंद पडतो. अशा वेळी घरात नव्या लॅपटॉपचा विषय निघतो. घाई करू नका. पुष्कळदा दुखणं फक्त उष्णतेचं असतं.

खोली 10 अंशांनी तापली, की आतलं तापमानही जवळपास तेवढंच चढतं. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो. तिथे भर दुपारी जड गेम नकोच, सकाळी किंवा रात्री खेळा. तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवण्याचा वेडेपणा मात्र कधीही करू नका. आत पाणी धरेल आणि बोर्ड जाईल.

एक फुकटचा उपाय आहे. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा 60 वर आणा. लॅपटॉप 'टर्बो'वर असेल तर 'बॅलन्स्ड'वर घ्या. खेळात फारसा फरक जाणवणार नाही, पण उष्णता आणि आवाज दोन्ही उतरतील.

आता धूळ. रस्त्याकाठचं घर, मांजराचे केस, उदबत्तीचा धूर, सगळं शेवटी पंख्यात जातं. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, थंड होऊ द्या. मग हवेच्या पंपाने जाळीतून थोडे थोडे झोत मारा. पंखा गरगर फिरू देऊ नका, पाती काडीने अलगद अडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते.

मागचं झाकण उघडण्याआधी वॉरंटीचे नियम वाचा. आतली थर्मल पेस्ट काही वर्षांनी सुकते, ती बदलावी लागते. पण काही लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. त्यातून वीज वाहते. एक थेंब सांडला तरी बोर्ड जळू शकतो. तिथे घरचा प्रयोग नकोच.

पंख्यातून खरखर किंवा कटकट येत असेल, तर बहुधा त्याचं बेअरिंग झिजलं आहे. तेल घालून दिवस काढू नका. पंखा सुटा बदलता येतो. दुरुस्तीला देण्याआधी फोटो आणि अभ्यासाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, खर्च लिहून मागा आणि काढलेला पंखा परत मागा.

बॅगेत घालताना नुसतं झाकण मिटू नका, लॅपटॉप शटडाउन करा. बॅगेत तो जागा झाला, तर कोंडलेल्या हवेत तापत राहतो.

सगळ्यांत जपायचं ते बॅटरीला. सतत उष्णता लागली की ती फुगू शकते. टचपॅड वर आला, झाकण नीट मिटेना, टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर खेळ तिथेच थांबवा. चार्जर काढा. दाबू नका, टोचू नका, मुलांना हात लावू देऊ नका. पडदे-अंथरुणापासून दूर, फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात चेपली गेली तर ती पेट घेते आणि तिथे काम करणाऱ्या माणसांचे हात भाजतात. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या.