बाल्टिमोरची गुणी पिढी आणि हातातून निसटणारी वर्षे

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ज्या संघांची तिजोरी न्यूयॉर्क वा लॉस एंजेलिसच्या संघांइतकी भरलेली नसते, त्यांना वर येण्यासाठी एकच भरवशाचा मार्ग उरतो. कोवळ्या वयाचा गुणी खेळाडू हेरायचा, त्याला घडवायचे आणि पुढील काही वर्षांचा संघ त्याच्याभोवती रचायचा. बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने हा मार्ग मोठ्या निष्ठेने चोखाळला. तरीही २०२५ चा हंगाम ७५ विजय आणि ८७ पराभव अशा हिशेबाने संपला आणि संघ आपल्या विभागात तळाला गेला. खेळाडूंची पारख चुकली नव्हती. मग चुकले कुठे, हा प्रश्न बाल्टिमोरपुरता मर्यादित नाही.

आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकाला तेथील व्यवस्था थोडी वेगळी वाटेल. शाळा-महाविद्यालयांतून येणारे अमेरिकी खेळाडू तेथे ‘ड्राफ्ट’द्वारे संघांमध्ये वाटले जातात आणि दुबळ्या संघांना निवडीत झुकते माप मिळते. निवड झालेला खेळाडू आधी मायनर लीगच्या पायऱ्या चढतो. मेजर लीगमध्ये आल्यानंतर सेवेची सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याच्यावर संघाचा हक्क राहतो. साधारण पहिली तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो, पुढील तीन वर्षे त्याचे वेतन वाटाघाटीने, प्रसंगी लवादाकडून ठरते. त्यानंतर तो मोकळा होतो. म्हणजेच होतकरू खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरतो, त्याच दिवशी संघाच्या हाती असलेला काळ सरू लागतो.

२०१८ मध्ये ओरिओल्सने तब्बल ११५ सामने गमावले. त्याच वर्षाच्या अखेरीस सूत्रे हाती घेतलेल्या माइक इलायस यांनी तात्कालिक विजयांपेक्षा दूरच्या पेरणीला महत्त्व दिले. २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर कॅचर अॅडली रचमन आणि त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत शॉर्टस्टॉप गनर हेंडरसन संघात आले. २०२२ मध्ये पुन्हा पहिली निवड मिळाली आणि १८ वर्षांच्या जॅक्सन हॉलिडेशी ८१ लाख ९० हजार डॉलरचा करार झाला. मधल्या काळात प्रेक्षकांनी २०१९ मध्ये १०८ आणि २०२१ मध्ये ११० पराभव सोसले. त्याचे फळही मिळाले. २०२३ मध्ये संघाने १०१ सामने जिंकले आणि हेंडरसन अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

पीक भरघोस आले की ते ठेवायचे कुठे, असा प्रश्न उभा राहतो. हॉलिडे मूळचा शॉर्टस्टॉप. पण ती जागा हेंडरसनने व्यापलेली असल्याने त्याला सेकंड बेसवर वळावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये देशातील सर्वाधिक चर्चित होतकरू म्हणून तो मैदानात उतरला, तेव्हा पहिल्या दहा सामन्यांत ३४ संधींमध्ये त्याला अवघे दोन फटके साधले. त्याला मायनर लीगमध्ये परत पाठवावे लागले आणि जुलैअखेरीस तो पुन्हा संघात आला. कागदावर आखलेली भावी फळी आणि वीस वर्षांच्या मुलाच्या प्रगतीचा वेग यांचा मेळ बसेलच असे नाही, हा त्यातला धडा. पुढे डोमिनिकन रिपब्लिकचा सॅम्युअल बसायो हा आणखी एक गुणी कॅचर तयार झाला. रचमन असताना त्याला खेळवायचे कुठे, हा पेच आजही पुरता सुटलेला नाही.

परंतु जागांचा पेच हे दुखण्याचे मूळ नव्हे. ते समजून घेण्यासाठी २०१९ च्या त्याच ड्राफ्टकडे पाहावे लागते. रचमनच्या पाठोपाठ, दुसऱ्या क्रमांकावर, कॅन्सस सिटी रॉयल्सने बॉबी विट ज्युनियरला निवडले. रॉयल्सही छोट्या शहराचा संघ. २०२३ मध्ये त्यांनी १०६ सामने गमावले होते. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी विटशी ११ वर्षांचा, २८ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपासचा करार केला. त्याच हिवाळ्यात सेथ लुगो आणि मायकेल वाका हे अनुभवी पिचर विकत घेतले. खांब रोवला आणि त्याच हंगामात छप्परही घातले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हे दोन संघ बाद फेरीत समोरासमोर आले. कॅन्सस सिटीने बाल्टिमोरला त्यांच्याच मैदानावर १-० आणि २-१ असे हरवले आणि दोन्ही सामन्यांत निर्णायक धाव विटच्या फटक्यावर आली. ज्या फलंदाजीसाठी बाल्टिमोरने इतकी वर्षे तपश्चर्या केली, तिला दोन सामन्यांत मिळून एकच धाव करता आली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ओरिओल्सचा प्रमुख पिचर कॉर्बिन बर्न्स २१ कोटी डॉलरच्या करारावर अॅरिझोनाकडे गेला. त्याच्या तोडीचा पिचर आणण्याऐवजी संघाने ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन आणि ३५ वर्षांचा जपानी पिचर तोमोयुकी सुगानो यांच्याशी एकेका वर्षाचे करार केले. घरचा पिचर ग्रेसन रॉड्रिगेझ दुखापतीमुळे २०२५ मध्ये मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. रचमनही दुखापतींनी बेजार झाला. १५ विजय आणि २८ पराभव अशी स्थिती असताना, मे महिन्यात व्यवस्थापक ब्रँडन हाइड यांना पायउतार व्हावे लागले. दोन वर्षांपूर्वी हेच हाइड अमेरिकन लीगचे सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले होते.

या टीकेला दुसरी बाजूही आहे. करार करायला दोन्ही पक्षांची तयारी लागते. हेंडरसन आणि हॉलिडे या दोघांचे प्रतिनिधी स्कॉट बोरास आपल्या खेळाडूंना खुल्या बाजारापर्यंत नेण्यासाठी प्रसिद्ध आहेत. शिवाय दीर्घ करार म्हणजे यशाची हमी नव्हे; विट सोबत असूनही २०२५ मध्ये रॉयल्सला बाद फेरी गाठता आली नाही. मात्र खेळाडू थांबण्याची खात्री नसेल, तर तो हाती असलेल्या वर्षांतच बाकीचा संघ पूर्ण करण्याची निकड अधिक वाढते. बाल्टिमोरने नेमकी तीच वर्षे वाट पाहण्यात घालवली.

अलीकडच्या हालचालींवरून व्यवस्थापनाला याची जाणीव झालेली दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये बसायोशी आठ वर्षांचा, ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार झाला. डिसेंबरमध्ये पीट अलोन्सो पाच वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलरवर आला. टॅम्पा बेकडून शेन बाझ हा पिचर घेताना चार होतकरू खेळाडू आणि ड्राफ्टमधील एक निवड देण्यात आली. साठवलेले बियाणे अखेर बाजारात नेले गेले. अलोन्सोमुळे फर्स्ट बेसची जागा भरली आणि बसायोला जागा शोधणे आणखी अवघड झाले, ही त्याची किंमत. पण ती जिंकू पाहणाऱ्या संघाची अडचण आहे, थांबून राहिलेल्या संघाची नव्हे.

रचमनवरचा संघाचा हक्क २०२७ च्या हंगामाअखेर संपतो, हेंडरसनवरचा २०२८ च्या. नवे करार झाले नाहीत, तर या दोघांना एकत्र घेऊन विजेतेपदासाठी झुंजण्याचे हंगाम बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. पराभवांच्या त्या वर्षांत ज्यांनी तिकिटे काढली, त्यांना भविष्याचे आश्वासन देण्यात आले होते. ते भविष्य येऊन दोन-तीन हंगाम उलटलेही आहेत. होतकरू खेळाडू संघाला उभारीची संधी देतो, पण त्या संधीची मुदत पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. फलंदाजीचा क्रम दर सामन्याला बदलता येतो. ही मुदत मात्र कोणत्याही व्यवस्थापकाला वाढवून मिळत नाही.