बाल बाजार, मोड आणि ५० वजा ३७



जानेवारी जवळ आला की आपल्या ग्रुपवर बाल बाजाराचे फोटो सुरू होतात. कुणी त्याला बाल आनंद मेळावा म्हणतं, कुणी आठवडी बाजार. फेटे बांधलेली मुलं, नऊवारी नेसलेल्या चिमुकल्या, मेथीच्या जुड्या, बोरं, हरभऱ्याची डहाळी, कोपऱ्यात भेळ. खाली ओळ ठरलेली असते : 'विद्यार्थ्यांना व्यवहारज्ञान मिळाले. एकूण उलाढाल इतके हजार.' ही ओळ मीही चार वर्षं लिहिली आहे, आणि उलाढालीचा आकडा शेजारच्या शाळेपेक्षा जास्त आला म्हणून खूशही झाले आहे. म्हणून आज जे लिहितेय ते आधी स्वतःला आणि मग तुम्हाला.

गेल्या वर्षीच्या बाजारातली गोष्ट. तिसरीतल्या एका मुलीनं (नाव लिहीत नाही) भाजी मांडली होती. एका पाहुण्यांनी तिच्याकडून मेथीची जुडी घेतली १५ ची, लिंबं १० ची, कोथिंबीर १२ ची. तिनं बोटं न मोजता 'सदतीस झाले' सांगितलं. त्यांनी पन्नासची नोट दिली. तिनं आधी एक-एक रुपयाची तीन नाणी त्यांच्या हातावर ठेवली, म्हणाली 'चाळीस', मग दहाची नोट ठेवली, म्हणाली 'पन्नास'. झालं. पाच सेकंदही लागले नसतील. मी व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला, अंगठे आले, विषय संपला.

आठवड्यानं वर्गातल्या सरावचाचणीचे पेपर तपासत होते. त्याच मुलीचा पेपर. ५० वजा ३७. उत्तर : २७.

ही चूक तुमच्या ओळखीची असेल. शून्यातून सात जात नाहीत, मग मूल सातातून शून्य घालवतं, सात लिहितं. पाचातून तीन गेले, दोन. सत्तावीस. मी लाल फुली मारली आणि पुढच्या पेपरला हात घातला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की हे तर तेच गणित. आकडेसुद्धा तेच!

खरं सांगायचं तर फुलीपेक्षा मला दुसरंच काही टोचलं. दिवाळीनंतरच्या पालकसभेला तिची आजी आली होती. मी यादी बघून सांगितलं, 'हिचं भाषेत बरं आहे, पण गणितात कच्ची आहे, वजाबाकी अजिबात येत नाही.' आजी म्हणाल्या, 'असं कसं मॅडम? बेस्तरवारच्या बाजाराला हिशोबाला तर हीच असती माझ्याजवळ.' मी हसले. 'तो हिशोब वेगळा हो आजी, हा वेगळा,' असं म्हणून पुढच्या पालकांना बोलावलं. आजी माहिती देत होत्या. मी ती वर्गशिक्षिका म्हणून टिपून घ्यायला हवी होती.

हे काही एकट्या आपल्या तालुक्यातलं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तिथल्या संशोधकांनी केला होता, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुलं पाचच होती, पण गोष्ट लक्षात राहते. एका बारा वर्षांच्या मुलाला ३५ ला एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत विचारली. त्यानं शून्य जोडलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन ३१५ आणि वरचा एक, ३५०. याच मुलांना तसलीच गणितं कागदावर दिली तेव्हा ती भराभर चुकली. आपल्याकडचा अभ्यास तर अगदी ताजा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांची पाहणी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती 'नेचर'मध्ये आली. बाजारातली मुलं तोंडी व्यवहार बिनचूक करत होती आणि पाठ्यपुस्तकासारखी मांडलेली साधी गणितं त्यांना जड जात होती. आणि ज्यांनी कधी दुकानात बसून काम केलं नाही अशा शाळकरी मुलांचं उलटं : वहीतली गणितं बऱ्यापैकी, बाजारासारखा व्यवहार आला की अडखळणं.

हे दुसरं वाक्य पालकांनी परत वाचावं. कारण आपल्या बाजारात तीही मुलं होती. पाचवीतला एक मुलगा, पाढे तीसपर्यंत तोंडपाठ, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकेत वर्गात पहिला. त्याच्या स्टॉलवर सगळंच दहा रुपयांना. वडापाव दहा, भेळ दहा, सरबत दहा. मागे वडील उभे, गल्ला वडिलांच्या हातात. मी विचारलं तर वडील म्हणाले, 'सुट्ट्याची कटकट नको मॅडम, पोरगं गोंधळतं.' अहो, ती कटकट हाच तर धडा होता! सगळे दर दहाच्या पटीत ठेवले की बाजार उरतो, गणित उरत नाही. मग फेटा बांधून फोटो तेवढा मिळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : उपक्रम झाला म्हणजे अध्ययन झालं असं आपण धरून चालतो, आणि त्या दोन्हींच्या मध्ये जे काम करायचं असतं ते कुणीच करत नाही. बाजार शनिवारी होतो. सोमवारी आपण 'चला, पान नंबर अमुक उघडा' म्हणतो, आणि त्या पानावर तोच बाजार आकड्यांच्या रूपात बसलेला असतो हे मुलांना कुणी सांगत नाही. सांगूनही चालत नाही म्हणा. तो माझा दुसरा धडा.

मला वाटलं होतं, सोपं आहे. मुलीला बोलावलं, म्हटलं, 'बाजारात केलंस तसंच इथं कर.' तिनं ५० खाली ३७ लिहिलं, माझ्याकडे बघितलं, परत २७ लिहिलं. तेव्हा मी बसून विचार केला. ती बाजारात वजाबाकी करतच नव्हती. ती सदतीसपासून पुढे चालत पन्नासपर्यंत जात होती. तीन टाकले, चाळीस. दहा टाकले, पन्नास. आपण मात्र पन्नासातून खाली उतरायला सांगतो, तेही हातचा घेऊन, उजवीकडून डावीकडे. उत्तर एक, पण वाटा दोन. तिला दुसरी वाट ठाऊकच नव्हती, आणि पहिली वाट शाळेत चालते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या व्हरांड्यात फरशीवर रंगवलेली एक लांब संख्यारेषा आहे. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात, साताऱ्याच्या कुमठे बीटचं बघून गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या, त्यातलीच ही. रंग निम्मा उडालाय, पण दशक दिसतात. तिला ३७ वर उभं केलं आणि पन्नासकडे चाल म्हटलं. तीन पावलं, चाळीस. मग एक मोठी उडी, पन्नास. 'किती चाललीस?' तेरा. तेच वहीत रेघ ओढून काढलं. इथवर एक तास.

हातच्याला मात्र तीन आठवडे लागले. तिथं मला आपल्या भाषेतला 'मोड' हा शब्द कामाला आला. बाजारात मोड मागतात ना, दहाची मोड, शंभरची मोड. तर तिला एक नवीन अडचण दिली : गल्ल्यात फक्त दहाच्या पाच नोटा आहेत आणि टेम्पोवाल्याला सदतीस रुपये द्यायचेत, त्याच्याकडं परत द्यायला सुट्टे नाहीत. काय करशील? लगेच म्हणाली, 'शेजारच्या मावशीकडनं एका नोटेची मोड आणीन.' आणली. आता चार नोटा आणि दहा नाणी. तीन नोटा आणि सात नाणी दिली. उरली एक नोट, तीन नाणी. हे आम्ही पुठ्ठ्याच्या नोटा घेऊन रोज पंधरा मिनिटं केलं, आणि प्रत्येक वेळी केलेलं लगेच वहीत उभ्या मांडणीत लिहिलं. पाचावर काट मारून वर चार लिहिणं म्हणजे एका नोटेची मोड करणं, हे तिला पटायला तिसरा आठवडा उजाडला. अजूनही १०२ वजा ५८ मध्ये अडकते. मधल्या शून्याशी तिची लढाई चालू आहे.

जाता जाता एक. आपले संख्यावाचक शब्दही मुलांची परीक्षाच घेतात. 'सदतीस' ऐकताना आधी सात कानावर पडतो, म्हणून पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं ७३ लिहितात. आणि एकोणपन्नास तर बोलायला सोपा, लिहिताना चार कुठून आला ते कळत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? मंगला नारळीकर बाई त्यामागचं कारण शांतपणे सांगत होत्या. निम्म्यांनी तर न ऐकताच विनोद केले. मी स्वतः दोन्ही शब्द वापरते. वीस एकनं सुरुवात, एकवीसवर मुक्काम. बाजारात 'तीस सात' म्हटलं तर गिऱ्हाईक हसेल, हेही खरंच आहे.

आता काही शिक्षक मित्र म्हणतील, मॅडम, मग बाजारातलीच पद्धत राहू द्या, हातच्याचा हट्ट कशाला? नाही. ५००३ मधून १४७८ वजा करायचे म्हटलं की पुढे चालत जाण्याची पद्धत दमते, आणि पुढच्या वर्गात तर हातच्याशिवाय गाडी हलत नाही. 'तिचं व्यवहारज्ञान चांगलंय' म्हणून कौतुक करायचं आणि वजाबाकीत मागे सोडायचं, ही मला फसवणूक वाटते. गरिबाच्या पोरांना असलं कौतुक फार मिळतं.

आणि यशाबद्दल. आमच्या शाळेच्या फाटकावर शिष्यवृत्तीधारक मुलांचा फ्लेक्स आहे. तो मीच डिझाइन करून घेतला होता, आणि तो काढा असं मी म्हणणार नाही. त्या मुलांनी सकाळी आठला येऊन मेहनत घेतली आहे. पण वार्षिक अहवालात 'विद्यार्थ्यांचे यश' या मथळ्याखाली शिष्यवृत्ती, नवोदय, क्रीडा, विज्ञान प्रदर्शन एवढेच रकाने असतात. ज्या मुलीला तिसरीच्या जानेवारीत हातचा येत नव्हता आणि मार्चमध्ये आला, ती कुठल्या रकान्यात? तिला प्रमाणपत्र नकोय मला. मला फक्त तिच्या नावापुढे दोन तारखा लिहायच्या आहेत : येत नव्हतं ती, आणि आलं ती. यंदा मी माझ्या वर्गासाठी असं एक वहीचं पान प्रत्येकाच्या नावानं केलंय. पालकसभेत गुणपत्रिकेआधी तेच पान दाखवते. दाखवताना पहिला प्रश्न मी विचारते : घरी हे काय काय हिशोब करतं? उत्तरं ऐकून थक्क व्हायला होतं. दुधाचं रतीब मांडणारं पोर आहे, ऊसतोडीच्या कोयत्यांची उचल मनात धरणारं आहे.

बाजार यंदाही आहे, जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी. काही गोष्टी बदलल्या आहेत, तुम्हाला उपयोगी वाटल्या तर घ्या. दर मुलं ठरवतील, पण दहाच्या पटीत नाही. १३, १७, २८ असे. आखलेल्या चुन्याच्या रेघेच्या आत मोठी माणसं येणार नाहीत, गल्ला मुलांचाच. प्रत्येक स्टॉलवर एक वही : काय विकलं, किती नोट आली, किती परत दिले. पहिला अर्धा तास फोटो बंद (याला सर्वांत जास्त विरोध शिक्षकांचाच झाला, त्यात मीही मनातून होते). हिशोबात दोन-पाच रुपये चुकले तर पालकांनी ओरडायचं नाही, चूक वहीत सापडेल. आणि सोमवारी पहिल्या दोन तासिका त्याच वह्या समोर ठेवून गणिताच्या. पाचवीतल्या त्या मुलाच्या वडिलांना मी आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, 'नुकसान झालं तर?' म्हटलं, होऊ द्या, वडापावच आहे.

त्या मुलीच्या आजी परवा रस्त्यात भेटल्या. 'मला आत येऊ देणार न्हाई म्हणं,' असं म्हणाल्या, जरा रागातच. म्हटलं, 'स्टॉलवर नको आजी, गिऱ्हाईक म्हणून या. शंभरची नोट आणा, आणि सुट्टे अजिबात आणू नका.'