पी हळद, घे श्वास?

परवा मैत्रिणीच्या ऑफिसात गेले होते. बाणेरला. डेस्कवर तिचा नेहमीचा सरंजाम : मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, अर्धवट खाल्लेला खाकरा आणि... एक नवी कोरी डबी. कॅप्सूल्स. हळदीतलं कर्क्युमिन, सोबत मिरीचा अर्क.

'लंग्जसाठी गं! या धुळीतून रोज बाइकवर येते ना मी. रोज दोन. नॅचरल आहे, साइड इफेक्टची भानगडच नाही.'

मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही, हे तुम्हाला आता ठाऊक झालंच असेल. पण त्याच सकाळी काकांचा फोन येऊन गेला होता. वसमतहून.

वसमत, जिल्हा हिंगोली. आमचं गाव. तुम्ही सकाळी पोह्यांत टाकलेल्या चिमूटभर हळदीचा मूळ पत्ता तिथलाही असू शकतो. जूनच्या आसपास लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, मग शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात फिरवून पॉलिश करायची, तेव्हा कुठे ते हळकुंड बाजारात जायच्या लायकीचं होतं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, तर काकांनी गल्लीभर पेढे वाटले होते. जणू घरात कुणी कलेक्टर झालं!

तर काका फोनवर म्हणाले, 'माय, मोबाइलवर आलंय बघ. आपल्या हळदीनं फुप्फुस दुरुस्त होतंय म्हणं. शोध लागलाय. तू लिव की तुझ्या पुस्तकात. मालाला भाव येईल.'

आता आली का पंचाईत? कारण काकांचं स्वतःचं फुप्फुस दोन वर्षांपूर्वी बिघडलं होतं, आणि ते कसं दुरुस्त झालं हे मी काचेबाहेर उभं राहून पाहिलंय.

साधा ताप होता. मग खोकला. मग धाप. नांदेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरला होता. डॉक्टर म्हणाले, 'एआरडीएस.' आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी सोपं करून सांगितलं : 'फुप्फुसं आतून ओली झालीत.'

म्हणजे काय, तर आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी हवेचे फुगे असतात, इवलेइवले. त्यांची भिंत इतकी पातळ की ऑक्सिजन सहज पलीकडे रक्तात जातो. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मोठा अपघात, स्वादुपिंडाची सूज, अशा कशानेही शरीराची संरक्षणयंत्रणा बेफाम झाली, की पांढऱ्या पेशी त्या भिंतीवरच तुटून पडतात. भिंत गळायला लागते, फुग्यांत प्रथिनांनी भरलेलं पाणी साचतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडायला लागतो. पूर्वी याच्या सौम्य प्रकाराला 'अॅक्यूट लंग इंज्युरी' म्हणायचे. २०१२ च्या नव्या व्याख्येत ते नाव गेलं, आता सगळंच एआरडीएस : सौम्य, मध्यम, तीव्र.

दुसऱ्या दिवशी काकू थर्मास घेऊन आयसीयूच्या दारात. आत हळदीचं दूध. 'दोन घोट पाजू द्या, लगेच आराम पडतो त्यांना.' सिस्टरनी थर्मास हळूच बाजूला ठेवला. 'मावशी, एक घोटही नाही.' काकूचा चेहरा पडला. 'अवो, हळद हाय, विष थोडीच हाय?' सिस्टर म्हणाल्या, धाप लागलेल्या माणसाचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि त्यानं हाच आजार आणखी भडकतो. काकू रडायला लागली, तेव्हा त्याच सिस्टर म्हणाल्या, 'कपाळाला लावा मावशी. तिथं चालेल.'

काकूनं लावली. कपाळावर हळद घेऊन काका अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते.

आता मोबाइलवरच्या त्या 'शोधा'कडे वळू या. तो धादांत खोटा नाही, हीच तर गंमत. उंदरांच्या फुप्फुसांत जंतूंच्या कवचातला विषारी घटक सोडून मुद्दाम इजा करतात आणि मग वनस्पतींतली द्रव्यं देऊन बघतात. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल... यादी मोठी आहे. त्यांतल्या कित्येक प्रयोगांत कर्क्युमिननं सूज कमी केली. पेशींमध्ये दाह पेटवणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं एक बटण असतं, ते कर्क्युमिन दाबून धरतं असं दिसलं. ग्रेट!

पण थांबा. बऱ्याच प्रयोगांत औषध दिलं जातं इजा करायच्या आधी. माणसाचं तसं नसतं ना. तो येतो फुप्फुस भिजल्यावर!

दुसरी अडचण पोटाची. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतलं द्रव्य, दिल्यावर प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. डबीवर मिरी असते ती यामुळे. ऐकायला झकास. पण जवळजवळ शून्याची वीसपट म्हणजे किती, हे गणित आपलं आपण करायचं. शिवाय हळकुंडात कर्क्युमिन असतं साधारण तीन ते पाच टक्के. कपभर दुधातली चिमूट कुठल्या कुठे!

तिसरी गोष्ट जास्त खट्याळ आहे. कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाच फसवतं. स्वतः चमकतं, सहज विघटित होतं, दिसेल त्याला चिकटतं, आणि चाचणीला वाटतं, वा, गुण आला! २०१७ मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी मोठा आढावा घेतला. माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या, आणि कर्क्युमिनला निर्विवाद यश देणारी एकही काटेकोर चाचणी त्यांना सापडली नाही.

आपल्याकडेही प्रयत्न झाला. कोविडमध्ये, महाराष्ट्रातल्याच एका ३० खाटांच्या केंद्रात १४० रुग्णांवर. नेहमीच्या उपचारांसोबत निम्म्यांना कर्क्युमिन-मिरीची गोळी, निम्म्यांना प्रोबायोटिक. गोळीवाल्यांची तब्येत लवकर सुधारली, असा निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आला. आशा वाटावी असाच. पण एकच केंद्र, मोजके रुग्ण, आणि 'नेहमीच्या उपचारांसोबत' हे दोन शब्द फॉरवर्ड होता होता गळून पडतात.

मग काकांना वाचवलं कशानं? फारच बोअरिंग गोष्टींनी. व्हेंटिलेटरनं छोटे छोटे श्वास दिले. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मोठ्या श्वासांऐवजी छोटे दिल्यावर मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं होतं. काकांना रोज सोळा-सोळा तास पालथं झोपवलं. त्याचाही पुरावा २०१३ चा, फ्रान्समधला. मुळातल्या न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक. आणि दिवसरात्र जागणाऱ्या सिस्टर.

याचा अर्थ झाडपाला टाकाऊ? मुळीच नाही! आपल्या अंगणातला अडुळसा घ्या. त्यातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून धागा पकडून जर्मनीत ब्रोमहेक्सिन तयार झालं, १९६० च्या दशकात बाजारात आलं. ते शरीरात गेल्यावर त्याचं अँब्रॉक्सॉल बनतं. तुमच्या खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल वाचा, यांतलं एखादं नाव बहुधा सापडेल. म्हणजे पानातून औषध निघतं, पण द्रव्य वेगळं काढून, बदलून, मोजून, माणसांवर तपासून. काढ्याचं भांडं आणि गोळीचं पाकीट यांच्यात ही अख्खी वाट असते. फुप्फुसाच्या इजेसाठी हळद त्या वाटेवर अजून बरीच अलीकडे उभी आहे.

आणि 'नॅचरल म्हणजे साइड इफेक्ट नाही' हेही विसरा. अमेरिकेत २०२२ मध्ये डॉक्टरांनी हळदीच्या सप्लिमेंट्समुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. एक दगावला. काही जणांच्या गोळीत मिरी होती. जी मिरी औषध रक्तात पोचवते, ती जास्तीचं ओझंही पोचवू शकते. आमटीतल्या हळदीला घाबरू नका. डबीतली घेत असाल आणि डोळे पिवळे दिसायला लागले किंवा लघवी गडद झाली, तर मात्र डबी बंद आणि डॉक्टर सुरू. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डबी उघडण्याआधीच विचारा.

हे सगळं मी काकांना रात्री फोनवर सांगितलं. 'काका, आपल्या मालाला भाव यावा असं मलाही वाटतं. पण तो चांगली हळद म्हणून येऊ दे. जीआयच्या नावानं, कर्क्युमिनच्या लॅब रिपोर्टनं. फुप्फुसाचं औषध म्हणून नको.'

बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, 'दवाखान्यात न्यायच्या आधी मी घरीच व्हतो ना गं, चार दिवस? काकू सकाळ-संध्याकाळ हळद-दूध देत व्हती. मी म्हणायचो, व्हईल कमी.'

मला हे ठाऊक नव्हतं. घरात कुणी बोललंच नव्हतं.

'त्या चार दिवसांचं लिव,' काका म्हणाले. 'ते वाचून कुणी लवकर गेला तर बरं.'

म्हणून लिहिलं. तापासोबत धाप लागली, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले, माणूस बरळायला लागला किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला, की थर्मास नाही, रिक्षा. लगेच.

मैत्रिणीलाही सगळं सांगितलं. तिनं डबी ड्रॉवरमध्ये टाकली आणि बाइकसाठी चांगल्यापैकी मास्क मागवला. आपल्याकडे अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ना, ते नेमकं हेच. उंदराचं फुप्फुस म्हणजे अर्धं हळकुंड. उरलेलं अर्धं सापडेपर्यंत हळद पोह्यांतच बरी. आणि कपाळाला. तिथं चालेल!