हलके पान

जुलै महिन्यात गगनबावड्याला सूर्य दिसला, तर लोक घराबाहेर येऊन एकमेकांना ती बातमी सांगतात. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर पश्चिमेला, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर आमचे हे गाव आहे. येथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. कोकणातून वर चढणारे ढग आधी आमच्यावर रिकामे होतात आणि उरलेसुरले पुढे जातात. भिंतींना ओल येते, चपलांवर बुरशी चढते, कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात. अशा गावात बसून मी संगणकावर काम करतो. लोकांसाठी संकेतस्थळे तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. या कामाला वेब डेव्हलपर असा इंग्रजी शब्द आहे. आमच्या आळीत मात्र मला 'कॉम्प्युटरवाला' एवढेच म्हणतात.

"हे काम तर पुण्यात बसून करायचे. इथे पावसात काय करतोस?" असे पाहुणे विचारतात. वीज गेली की माझी बॅटरी दोन तास टिकते. मोबाइलची रेंज ओसरीच्या एका कोपऱ्यातच येते आणि तीही एक रेघ. तरीही माझे मत असे आहे की, संकेतस्थळ तयार करणाऱ्या प्रत्येकाने एक पावसाळा अशा गावात काढावा. हे मत मला फुकट मिळालेले नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शिक्षणसंस्थेचे संकेतस्थळ मी सांभाळत होतो. संस्थेच्या तीन वसतिगृहांत प्रवेश मिळालेल्या मुलामुलींची यादी माझ्याकडे आली, ती नऊ फोटोंच्या रूपात. फलकावर लावलेल्या कागदांचे कोणीतरी मोबाइलने फोटो काढले होते. वीज जाण्याच्या बेतात होती. मी ते फोटो जसेच्या तसे पानावर चढवले आणि चहा प्यायला उठलो. माझ्या दृष्टीने काम झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आळीतली एक मुलगी भिजत आली. "दादा, कालपासून यादी उघडत नाही. नुसतं चाक फिरतंय," ती म्हणाली. माझ्या संगणकावर मूळ फोटो होते. सातव्या फोटोत तिचे नाव सापडले. त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, की त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत हजर राहून जागा पक्की करावी. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आल्यामुळे कोल्हापूरची एस.टी. बंद होती. आम्ही फोन केले, विनंती केली. जागा पुढच्या नावाला गेली. ते सगळे वर्ष तिने पहाटे उठून एस.टी.ने ये-जा करण्यात घालवले. ती मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्या रात्री मी हिशेब करायला बसलो. संगणक सर्व काही बाइट या मापाने मोजतो. मोबाइलचा एक चांगला फोटो साधारण चाळीस लाख बाइटांचा असतो. नऊ फोटो म्हणजे साडेतीन कोटींहून अधिक. यादीत चारशे नावे होती. तीच नावे टाइप करून ठेवली असती, तर सगळी यादी तीस हजार बाइटांत बसली असती. म्हणजे मी त्या मुलीच्या एका रेघेच्या रेंजवर बाराशे पट ओझे टाकले होते.

हा हिशेब करताना एक गंमत सापडली. आज बहुतेक सर्व संकेतस्थळांवर अक्षरे साठवण्याची जी पद्धत वापरतात, ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली अमेरिकेतील एका उपाहारगृहात, टेबलावरच्या कागदावर आखली. तिच्यात इंग्रजीचे एक अक्षर एक बाइट जागा घेते, उर्दूचे दोन आणि मराठीचे तीन. एकाच पंगतीत असे तीन प्रकारचे वाढणे मला प्रथम आवडले नाही. पण तीन बाइट झाले तरी चाळीस लाखांपुढे ते काय? तुम्ही वाचत असलेला हा पाठ अंदाजे वीस हजार बाइटांचा आहे. एका फोटोच्या जागेत असे दोनशे पाठ मावतात.

आणि प्रश्न केवळ ओझ्याचा नाही. फोटोतले नाव माणसाला दिसते, संगणकाला ते नाव वाटत नाही. त्याच्या लेखी ते केवळ काळे-पांढरे ठिपके असतात. म्हणून फोटोतल्या यादीत नाव शोधता येत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतात. सूचनेच्या फोटोपुढे तोही बहुधा अडखळतो.

पूर्वी असे फोटो टाकण्यावाचून इलाज नव्हता, हे मी मान्य करतो. उर्दूची नस्तालिक लिपी छपाईच्या संगणकावर १९८१ सालीच आली होती, पण संकेतस्थळावर ती नीट उमटत नसे. त्यामुळे उर्दू वृत्तपत्रे पानांची चित्रेच ठेवत. मराठीत प्रत्येकाचा फॉन्ट निराळा असे. तो आपल्याजवळ नसला, तर बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने जगातील लिप्यांच्या अक्षरांना एकेक कायमचा क्रमांक देण्यास सुरुवात केली. देवनागरी आणि उर्दूची लिपी या दोन्ही पहिल्यापासून तिच्यात होत्या. मग आजही फोटो कशाला? मला वाटते, याचे कारण एकच. टाइप करण्याचा कंटाळा.

खरी अक्षरे वापरताना फजिती होते, हेही खरे. गेल्या वर्षी एका उर्दू शाळेच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच पानावर स्वागताचे वाक्य होते आणि त्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. पान उघडले, तर ते चिन्ह उडी मारून वाक्याच्या आरंभी, उजव्या टोकाला जाऊन बसले होते. तेथील सरांचा फोन आला. "आमच्या शाळेत पाहुण्याला आधी दचकवतात आणि मग या म्हणतात, असे दिसते!" असे म्हणून ते हसले. चूक माझीच होती. या पानाची दिशा उजवीकडून डावीकडे आहे, हे संगणकाला सांगायला मी विसरलो होतो. त्यासाठी फक्त एक छोटी सूचना लिहावी लागते. ती सोय १९९७ सालापासून उपलब्ध आहे. तेव्हा माझ्या लक्षात आले, की उर्दू ओळीत अक्षरे उजवीकडून चालतात, पण मध्येच दूरध्वनीचा क्रमांक आला की त्याचे अंक डावीकडून वाचायचे असतात. संगणकाला हे शिकवायला मोठमोठे नियम लिहावे लागले. तुम्ही ते पहिलीपासून सहज करत आला आहात.

मराठीनेही मला असेच गाठले. गगनबावड्यातील एका विश्रामगृहासाठी मी लिहिले, 'येथून खोल दर्या दिसतात.' एका पाहुण्याने विचारले, "डोंगरावर समुद्र कोठून आणला?" मला दऱ्या लिहायचे होते. दरीचे अनेकवचन दऱ्या. आणि दर्या म्हणजे समुद्र. हा शब्द फारसीतून आलेला आहे. तुमच्या उर्दूत मात्र दरिया म्हणजे नदी. एका अर्ध्या र च्या फरकाने मी दरीत समुद्र भरला होता! संगणकाच्या दृष्टीने हे दोन र वेगळे आहेत, त्यांचे क्रमांकही वेगळे आहेत. दर्या शोधले, तर दऱ्या सापडत नाहीत. मोबाइलच्या कीबोर्डवर दुसरा ऱ शोधायला थोडे थांबावे लागते. तेवढे थांबावे, असे माझे मत आहे.

आता सर्वांकडे चांगले फोन आहेत, इंटरनेट स्वस्त झाले आहे, मग बाइट कशाला मोजायचे, असे माझे मित्र म्हणतात. त्यांना मी आमच्याच जिल्ह्यातील वारणानगरचे उदाहरण देतो. १९९८ साली वारणेच्या खोऱ्यातील सुमारे सत्तर गावांत संगणक बसवण्याची योजना सुरू झाली. उसाच्या नोंदीची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा तिचा हेतू होता. त्या काळी हे फार मोठे पाऊल होते. पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत संशोधकांनी निराळा प्रयोग केला. शेतकरी संगणकाकडे काय मागतो, हे त्यांनी पाहिले. ऊस किती गेला, खत किती घेतले, असे मोजकेच आकडे त्याला हवे होते. मग त्यांनी संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या लहान संदेशातून ते आकडे दिले. तेवढ्याने काम झाले. फोन महाग की स्वस्त हा मुद्दा नाही. समोरच्याला नेमके काय हवे आहे, हे आधी विचारले पाहिजे. माझ्या मित्रांना हे पटत नाही. ते शहरात राहतात आणि त्यांच्या रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या असतात.

जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत तयार केले. १९९१ साली ते लोकांसाठी खुले झाले. त्याच्या पहिल्या पानाची जुनी प्रत आजही उघडून पाहता येते. त्यावर एकही चित्र नाही, केवळ अक्षरे आणि दुवे. एकदा धो धो पावसात, ओसरीच्या कोपऱ्यात बसून मी ती उघडली. चहाचा घोट घेईपर्यंत पान समोर हजर होते.

यंदाही जुलैत वसतिगृहांची यादी आली. फोटोच होते, या वेळी अकरा. दिवसभर वीज नव्हती. मी बॅटरी जपत, थांबून थांबून सगळी नावे टाइप केली. हजर राहण्याची तारीख ठळक अक्षरांत सर्वांत वर घेतली. यादीत कुऱ्हाडे आडनावाची तिघे जण होती. तिघांचाही ऱ तपासला आणि रात्री साडेदहाला, रेंज आल्यावर, पान चढवले.