लस टोचली, पण मधले दिवस?

ऊसतोडीचा हंगाम आला की मराठवाड्यातून बैलजोड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर उतरतात. तिथे एक बैल लाळ गाळू लागला की काही दिवसांतच शेजारच्या दावणीत तोंडातले फोड आणि खुरांतल्या जखमा दिसतात. मग डॉक्टर येऊन उरलेल्या जनावरांना लस टोचतात. पण लाळ्या-खुरकुतीची चांगली लसदेखील अंगात मुरायला चार ते सात दिवस घेते. तेवढे दिवस विषाणूला रान मोकळे असते.

ब्रिटनने 2001 साली साथ रोखायला 60 लाखांहून अधिक जनावरे मारली. आपल्याकडे तो मार्ग नाही आणि नसावाच; ज्याच्या घरात बैलजोडी हेच भांडवल, त्याला हे सांगायचे तरी कोणी? म्हणूनच मधल्या दिवसांसाठी विषाणूरोधक औषध हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे स्वप्नरंजन नव्हे. करोनात आपल्याकडे घराघरांत पोचलेल्या फॅविपिराविरचा टी-1105 नावाचा भाऊबंद आहे. जपानमध्ये तो तोंडावाटे दिलेल्या डुकरांना प्रयोगात लाळ्या-खुरकुतीपासून संरक्षण मिळाले. बेल्जियममध्ये डुकरांच्या ज्वरावर तपासलेल्या एका रेणूने आजारी जनावराकडून निरोग्याकडे होणारा संसर्ग कमी केला. गाई-बैलांवर मात्र असे काम फार थोडे झाले आहे.

पण गोठ्यात औषध येणार म्हटले की मला चीनमधल्या कोंबड्या आठवतात. तिथे अमॅन्टाडीन हे माणसाच्या फ्लूवरचे स्वस्त औषध पोल्ट्रीवाले पाण्यातून कोंबड्यांना पाजत राहिले. 2005 मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली, पण तोवर बर्ड फ्लूचे अनेक विषाणू त्याला दाद देईनासे झाले होते. 2006 मध्ये अमेरिकेने कोंबड्या, टर्की आणि बदकांना फ्लूची अशी औषधे देण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी नवापुरात साथ आली तेव्हा कोंबड्या मारणाऱ्या कामगारांना ऑसेल्टामिवीर द्यावे लागले. तेच औषध खुराड्यात पाजत बसलो असतो, तर त्या माणसांना काय दिले असते?

रेघ इथेच ओढायला हवी. जो विषाणू पक्ष्यांतून माणसात येतो, त्यावरचे माणसाचे औषध खुराड्यात कधीही जाऊ नये. लाळ्या-खुरकूत माणसाला जवळजवळ होतच नाही. तिथे औषध द्यावे, पण साथीच्या ठिकाणापुरते, पशुवैद्यकाच्या हातून आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही हे ठरवूनच. मेडिकलच्या काउंटरवर ते मिळता कामा नये. भुवनेश्वरची लाळ-खुरकूत संशोधन संस्था आणि नागपूरचे आपले पशुविज्ञान विद्यापीठ यांनी गाई-बैलांवरच्या चाचण्या हाती घ्याव्यात, राज्याने त्यासाठी पैसा द्यावा.

औषध येईल तेव्हा येईल. तोवर बैल तळावर न्यायच्या निदान तीन आठवडे आधी दवाखान्यातली सहामाही मोफत लस टोचून घ्या.