गॅझेट आणलंय का?

महाराष्ट्रात नाव बदलायला निघालेल्या माणसाला प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न ऐकावा लागतो. "गॅझेट आणलंय का?" बँकेत तोच, पासपोर्टला तोच, ऑफिसच्या एचआरकडेही तोच. गॅझेट म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्र. त्याच्या भाग दोनमध्ये, 'संकीर्ण सूचना व जाहिराती' या मथळ्याखाली, तुमचं जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून येतं. हे छापील पान हातात आलं की तुम्ही कायद्याने नवे झालात, असं सगळे धरून चालतात.

आता त्याच राजपत्रातल्या नाव बदलाच्या यादीसोबतची टीप वाचा. तिचा मथितार्थ असा: या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनावर नाही, अर्जदाराने जे कळवलं ते कागदपत्रांची पडताळणी न करता छापलं आहे.

पुन्हा वाचा. ज्या कागदाशिवाय तुमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, तो कागद म्हणजे तुमचाच शब्द आहे, फक्त सरकारी टायपात.

मला या टिपेचा राग नाही. उलट, अख्ख्या व्यवस्थेत तेवढी एकच गोष्ट प्रामाणिक आहे. प्रौढ माणसाचं नाव काय, हे शेवटी तोच सांगू शकतो. माझा राग आहे तो पुढच्या पायरीवर. तुमचं म्हणणं मान्यच करायचं आहे, तर ते एकदा घ्या आणि सगळीकडे पोचवा. तसं न करता तुम्हाला आधार, पॅन, बँक, पीएफ, मतदार यादी, पासपोर्ट, गाडीचं लायसन्स, वीजबिल, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अशा डझनभर दारांत तेच पान घेऊन उभं केलं जातं. प्रत्येक दार दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतं. बँक म्हणते आधी आधार बदला. आधारला दुसरा पुरावा हवा. पीएफला काही वेळा कंपनीची सही हवी. जोगेश्वरी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांवर 'पॅन, आधार, पासपोर्ट, गॅझेट' अशी पाटी दिसते, ती उगाच नाही. सरकारने स्वतःचं काम सोडलं की त्या जागेवर दुकान उभं राहतं.

आपल्याकडे लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. प्रौढ माणसाने नाव बदलू नये असाही नाही. ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या दाखल्यांबद्दलच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की स्वतःच्या नावावरचा ताबा हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. म्हणजे हक्क आहे. नाही ती वाट.

आधारचंच घ्या. नाव बदलायची मुभा आयुष्यात दोनदा. एखाद्या मुलीचं आडनाव नोंदणी केंद्रावरच्या ऑपरेटरने चुकीचं टाईप केलं, तिने ते दुरुस्त करून घेतलं: एक संधी गेली. लग्न झालं, सासरचं नाव लावलं: दुसरी गेली. पुढे घटस्फोट झाला आणि तिला माहेरचं नाव परत हवं असेल, तर आता तिने खास परवानगीसाठी अर्ज करत बसायचं. लग्नं किती करावीत यावर आधारची मर्यादा नाही, पण त्यातून सुटून स्वतःकडे परत यायला मात्र कोटा आहे. हा नियम कागदावर स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच. पण लग्न झालं म्हणून नाव बदलायला लागलेले पुरुष तुमच्या ओळखीत किती आहेत?

केंद्राच्या राजपत्राने तर याच्यावर कडी केली. विवाहितेला माहेरचं आडनाव परत लावायचं असेल, तर घटस्फोटाचा हुकूमनामा आणा किंवा नवऱ्याचं ना हरकत पत्र आणा, असा नियम काढला. २०२४ च्या सुरुवातीला एका विवाहितेने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. नियमामागचा विचार बघा. माहेरचं नाव सोडून सासरचं घेताना वडिलांचं ना हरकत पत्र कोणी मागत नाही. परत घेताना मात्र नवऱ्याची हरकत विचारात घ्यायची. नाव तिचं, मालकी त्याची.

नाव न बदलणारीचीही सुटका नाही. माझ्या बहिणीने लग्नानंतर नाव बदललं नाही. गृहकर्जाच्या वेळी एका बँकेने तिच्याकडून 'ही आणि ती एकच व्यक्ती आहे' असं प्रतिज्ञापत्र मागितलं. नाव बदललेलंच नाही, तर ती दुसरी कोण? फॉर्ममध्ये नवऱ्याच्या आडनावाची बाई गृहीत धरलेली होती. ती बाई अस्तित्वात नाही, हे माझ्या बहिणीने स्टॅम्पपेपरवर सिद्ध करून दिलं.

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवलं, की मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहायचं. चांगला निर्णय आहे. पण त्याच निर्णयात विवाहितेसाठी तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही जुनी रीत तशीच ठेवली. म्हणजे आई म्हणून तुमचं नाव मुलाच्या दाखल्यावर आलं, बाई म्हणून स्वतःच्या दाखल्यावर तुम्ही अजून नवऱ्याच्या मागेच.

याच काळात नाव बदलण्याच्या बाबतीत हे राज्य किती चपळ आहे, हेही आपण पाहत होतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. आमच्या जोगेश्वरीच्या पुढचं स्टेशन ओशिवरा म्हणायचं की राम मंदिर, यावर बरीच रस्सीखेच झाली आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये ते राम मंदिर म्हणून सुरू झालं. २०२४ मध्ये आणखी काही लोकल स्टेशनांची इंग्रजी नावं बदलायचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी. त्या यादीत चर्नी रोडही आहे, त्याचं गिरगाव व्हायचं आहे. आणि आपली नावं जिथे छापली जातात ते शासकीय मुद्रणालय चर्नी रोड स्टेशनजवळच आहे.

ही नावं बदलावीत की नाही, हा वाद मला इथे घालायचा नाही. माझा मुद्दा एवढाच, की शहराचं नाव बदललं की ते सगळीकडे पोचवण्याची जबाबदारी यंत्रणेची असते. छत्रपती संभाजीनगरला प्रत्येक बँकेत जाऊन 'मी आणि औरंगाबाद एकच' असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं नाही. जुन्या पत्त्यावरची पत्रं परत गेली नाहीत. शहराला जी सोय मिळते ती शहरात राहणाऱ्या माणसाला का नाही?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. म्हणजे नाव माणसाला टोचतं, हे सरकारला कळतं. मग हेच आडनावाला लावा. मुंबईत भाड्याने घर शोधा, दलाल आधी पूर्ण नाव विचारतो आणि मग खोली रिकामी आहे की नाही ते ठरतं. जोगेश्वरी १९९२-९३ च्या दंगलीत होरपळलेली आहे. नाव ही नुसती हाक नसते, त्यावरून तुम्ही कुठल्या गल्लीचे ते ठरतं, हे इथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. कोणाला जात मागे टाकायची असते, कोणाला धर्म, कोणाला मारझोड करणारा बाप किंवा नवरा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा तृतीयपंथीयांचा हक्क मान्य केला. तो हक्क जगायचा तर जुन्या नावाच्या बाहेर पडावं लागतं.

आणि नेमकं याच माणसांना आपण सांगतो, की जुनं आणि नवं नाव एकमेकांशेजारी छापा, आणि ती पीडीएफ कोणालाही उतरवून घेता येईल अशी इंटरनेटवर राहू द्या. ज्यापासून सुटण्यासाठी नाव बदललं, तोच धागा सरकार कायमचा बांधून ठेवतं. कागदी गॅझेटच्या काळात ते पान शोधायला कोणीतरी ग्रंथालयात जाऊन धूळ झटकली असती. आता सर्चची एक पट्टी पुरते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: असं मोकळं सोडलं तर कर्जबुडवे आणि गुन्हेगार नावं बदलून पसार होतील. शंका रास्त आहे, म्हणून तिचं नीट उत्तर देतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. डेटाबेस शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं, की माणसाचं नाव ही त्याच्या नोंदीची किल्ली होऊ शकत नाही. एका नावाची हजार माणसं असतात आणि एकाच माणसाचं नाव बदलू शकतं. म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि नाव ही त्या क्रमांकाला जोडलेली, बदलू शकणारी माहिती मानायची. आधारची कल्पना हीच आहे: बारा आकडी क्रमांक, बोटांचे ठसे, बुबुळं. कर्ज पॅनला चिकटतं, पॅन आधारला चिकटतं. नाव बदलल्याने यातलं काहीच सुटत नाही. कर्जबुडव्याला पकडायचं असेल तर क्रमांक हातात आहे. तो असूनही स्पेलिंग जुळवत बसणं ही सुरक्षा नव्हे, आळस आहे.

या आळसाचा भुर्दंड नाव न बदलणाऱ्यांनाही बसतो. आधारवर पूर्ण नाव एका ओळीत. पॅनच्या अर्जात आडनाव, नाव, मधलं नाव असे तीन रकाने. पासपोर्टवर दोनच भाग, त्यामुळे वडिलांचं नाव तुमच्या नावाला जोडलं जातं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे. काहीही न करता तुमची चार नावं झाली. १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली, तेव्हा नाव जुळत नाही म्हणून अडकलेली माणसं तुमच्याही घरात निघाली असतील. ती फसवत नव्हती. त्यांच्या नावात फक्त एक 'ए' जास्त होता.

हे पुढे आणखी घट्ट होणार आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखला हाच पुरावा धरला जाणार आहे. म्हणजे दवाखान्यातून घरी येताना आईबापांनी जे नाव सांगितलं, ते आयुष्यभर वाढत्या वजनाने मागे येणार.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा' असं नाव आहे. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, कारण तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घराणं सकपाळांचं, गाव आंबडवे, शाळेत भिवा, पुढे जगासाठी भीमराव. आजच्या नियमांनी त्यांची कागदपत्रं तपासायची ठरवली, तर परदेशी विद्यापीठाचा अर्ज 'नाव जुळत नाही' या लाल ओळीवर थांबला असता. शिष्यवृत्तीची छाननी करणाऱ्या कारकुनाने विचारलं असतं, भिवा कोण, भीमराव कोण, गॅझेट आणलंय का?

म्हणून मागणी सरळ आहे. प्रौढ व्यक्तीने आपल्या आधार क्रमांकावर ओळख पटवून एकदा घोषणा करावी आणि तीच पुरेशी मानावी. ती पॅन, पीएफ, बँक, मतदार यादी, पासपोर्ट यांच्यापर्यंत पोचवणं हे सरकारचं काम. डिजिलॉकर आहे, यूपीआय चालवून दाखवणारा देश आहे, तेव्हा हे जमत नाही असं कोणी सांगू नये. जुन्या नावाची नोंद यंत्रणेच्या आत ठेवावी, कोर्टाला किंवा तपासाला लागली तर द्यावी, जातपडताळणीसारख्या कामात त्या माणसानेच हवी तेव्हा दाखवावी. जगापुढे टांगू नये. दोनदाची मर्यादा काढावी. नवऱ्याच्या ना हरकत पत्राचा नियम कचऱ्यात टाकावा. आणि कारणाचा प्रश्न बंद करावा, कारण त्याचं उत्तर ऐकायचा अधिकार कोणत्याही खिडकीला नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्याच धंद्यातले असतील. तुमच्या पुढच्या फॉर्ममध्ये 'पूर्वीचं नाव' हा ऐच्छिक रकाना टाका, आडनाव सक्तीचं करू नका, नाव जुळत नसेल तर अर्ज फेटाळण्याआधी क्रमांक तपासा. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट बघायची गरज नाही. मॅनेजर विचारेल, हे कशासाठी? त्याला सांगा, माणसं नावं बदलतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.