आधी कागद, मग पॉलिश

पॉलिश कागदाइतकी उपेक्षित वस्तू घरकामात दुसरी नसेल. कपाटाला पॉलिश कोणते करायचे यावर घरात दोन दोन दिवस खल होतो; चमक हवी की मंद झळाळी हवी, सागवानी छटा बरी की अक्रोडी, यावर सासू-सुनांची मते पडतात. कागदाची पाळी आली, की मात्र दुकानदाराला ‘द्या हो चार-सहा’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. हिंदी मुलखात या कागदाला ‘रेगमाल’ म्हणतात. फारसीत ‘रेग’ म्हणजे वाळू आणि ‘माल’ म्हणजे चोळणे. नाव अर्थवाही आहे; पण आजच्या कागदावर वाळू नसते आणि पुष्कळदा वाळूखेरीज आणखी काही असते. त्या ‘आणखी काही’विषयीच आज दोन शब्द सांगायचे आहेत.

स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे पॉलिश आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आले. नंतर मेलामाइन आले, थिनरवर चालणारे पीयू आले. त्यांची चमक खाशी, पण वासही तसाच! दोन खोल्यांच्या बंद ब्लॉकात तान्हे मूल असावे किंवा दम्याचा विकार असलेली आजी असावी आणि त्याच आठवड्यात थिनरचा घमघमाट सुटावा, हे सोसवत नाही. म्हणून आता पुष्कळ घरी पाण्यावर आधारलेले पॉलिश आणतात. त्याला वास थोडा, ते वाळते लवकर आणि ब्रश नळाखाली धुता येतो. मात्र या पॉलिशचा स्वभाव हळवा आहे. जुने पॉलिश जे निमूट खपवून घेई, ते याला चालत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरी याच कारणावरून मोठा वाद झाला. सागवानी कपाटावर पाण्याच्या पॉलिशचा हात फिरला आणि पाहता पाहता त्यावर देवीच्या व्रणांसारखे बारीक बारीक खळगे उमटले. यजमान म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही पॉलिशमध्ये भेसळ केलीत.” मिस्त्री म्हणाला, “साहेब, डबा तुमच्यासमोर फोडला.” शेवटी मजुरीतले निम्मे पैसे कापले गेले आणि पंधरा वर्षे त्या घरी येणारा माणूस जिना उतरून गेला तो पुन्हा आला नाही. डब्यातले पॉलिश निर्दोष होते आणि मिस्त्रीचा हातही निर्दोष होता. संशयाची जागा होती ती कचऱ्याच्या टोपलीत पडलेल्या कागदांत. पण तिकडे कोणी पाहिले नाही.

घासताना लाकडाचा भुसा कागदाच्या दाण्यांत अडकतो आणि कागद लवकर बोथट होतो. तो अडकू नये म्हणून काही कागदांवर झिंक स्टिअरेट किंवा कॅल्शियम स्टिअरेटचा लेप देतात. हा साबणाचाच एक भाऊबंद, पण पाण्यात न विरघळणारा. कागद त्यामुळे जास्त टिकतो यात शंका नाही. परंतु घासताना या लेपाची पूड लाकडावर राहते. थिनरचे पॉलिश ती बहुधा सामावून घेते. पाण्याचे तसे नाही. अळवाच्या पानावर पाणी जसे पसरत नाही, थेंब होऊन बाजूला सरते, तसेच हे पॉलिश त्या स्निग्ध कणांपासून दूर सरते आणि तेथे खळगा पडतो.

मग कागद ओळखावा कसा? खरखरीत बाजूवर पांढुरकी, पीठ भुरभुरल्यासारखी झाक दिसली, तर लेप आहे असे समजावे. सगळेच लेप वाईट नसतात. काही कारखानदार पाण्याच्या पॉलिशला चालेल असाच लेप देतात आणि वेष्टनावर तसे छापतात. तसे छापलेले नसेल, तर साधा, बिनलेपाचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कागद घ्यावा. तो लवकर भरतो, चार कागद जास्त लागतात. पण एका कपाटाच्या मजुरीपुढे चार कागदांची किंमत ती काय? तरीही मनात किंतू असेल, तर टाकाऊ फळीचा तुकडा त्याच कागदाने घासून त्यावर पॉलिशचा एक हात द्यावा. अर्ध्या तासात कागदाचे गुण कळतात.

आता नंबरांचा हिशेब. नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक. उघड्या लाकडावर 120 पासून सुरुवात करावी, मग 180 आणि शेवटी 220. मधली पायरी गाळू नये. जाड दाण्याचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. विनिअरच्या प्लायवुडवर 80 नंबर चुकूनही लावू नये. सागाचा तो थर कागदासारखा पातळ असतो. घासणे नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने.

पाणी लागले, की लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात आणि गुळगुळीत फळी गालावरच्या खुंटांसारखी खरखरीत लागते. याला उपाय असा, की पॉलिशच्या आदल्या दिवशीच ओल्या फडक्याने लाकूड पुसावे, रात्रभर वाळू द्यावे आणि सकाळी 220 नंबरने हलकेच उभे तंतू तेवढे कापावेत. जोर लावला, तर खालचे नवे तंतू उघडे पडतात. सागात मुळातच तेलकटपणा असतो. म्हणून पॉलिशपूर्वी कोरे लाकूड स्पिरिटच्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. दोन हातांच्या मध्ये मात्र स्पिरिट वापरू नये. ताजे पॉलिश त्याने मऊ पडते. तेथे 320 किंवा 400 नंबरचा कागद हलका फिरवावा आणि ओलसर, पिळलेल्या फडक्याने पूड टिपावी. घासताना कोरडी पांढरी पूड निघाली, तर आधीचा हात वाळला. कागदाला चिकटा लागला, तर थांबावे.

लोखंडी तारांचा काथ्या येथे वर्ज्य. त्याचे बारीक तुकडे लाकडात रुततात, पाण्याने गंजतात आणि काळे ठिपके कायमचे राहतात.

एक गोष्ट जिवाच्या काळजीची आहे. माळ्यावरचा जुना रंगीत पाळणा नव्या बाळासाठी खाली काढण्याची आपल्याकडे हौस असते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागे 90 भागांहून अधिक शिसे नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला, तर विषारी धूळ घरभर उडते आणि तिचा पहिला बळी रांगते मूल. पाण्यात भिजवून वापरण्याचा वॉटर पेपर अमेरिकेत थ्री-एम कंपनीने 1921 साली बाजारात आणला आणि मोटारींच्या कारखान्यांतली धूळ त्याने खाली बसली. तोच धडा येथे घ्यावा. असा रंग ओलाच घासावा, तोही जाणत्या माणसाकडून, नाकाला योग्य मुखपट्टी बांधून आणि मुलाबाळांना दुसऱ्या घरी पाठवून. ते जमत नसेल, तर पाळणा माळ्यावरच बरा.

मिस्त्री कामाला येईल, तेव्हा पॉलिशचा डबा आणि कागदाचे वेष्टन दोन्ही त्याच्यापुढे ठेवा आणि त्याचे मत विचारा. लाकडाला हात लावून जन्म गेलेला माणूस आपल्यापेक्षा दोन गोष्टी जास्तच सांगेल. आणि इतके करूनही खळगे उमटले, तर आधी कागद पालथा करून पाहा, मग माणसाला बोल लावा. खळगे पुन्हा घासून भरून काढता येतात. दुखावलेला माणूस परत आणणे त्याहून अवघड जाते.